प्रबंध शोधगंगेवर, गणित वाऱ्यावर

पीएच.डी.चा प्रबंध जमा करायचा तर त्याचं साम्य किती टक्के निघतं, ते आधी तपासून घ्यावं लागतं. विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१८चा साहित्यचोरीविरोधी नियम याबाबत काटेकोर आहे: १० टक्क्यांपर्यंत चालेल, त्यापुढे पायरीपायरीने कारवाई. मग प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत शोधगंगेवर, म्हणजे देशभरच्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, जाते. शब्द कुणाचे, याची आपल्याला एवढी काळजी. त्याच प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणातले तक्ते कोणत्या सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीत आणि कोणत्या पॅकेजांवर (म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायच्या तयार कोडच्या संचांवर) काढले, हे मात्र कुणी विचारत नाही. 'विश्लेषणासाठी आर या संगणकप्रणालीचा वापर करण्यात आला' एवढं एक वाक्य असलं की गाइडही खूश आणि बाहेरून आलेले परीक्षकही खूश.

या वाक्यावर भागत नाही, असं माझं म्हणणं आहे. आणि ही उणीव एकेका विद्यार्थ्याच्या शिस्तीने भरून निघेल असंही मला वाटत नाही. जुनी पॅकेजं सांभाळून ठेवणं हे सार्वजनिक पैशाने, सार्वजनिक संस्थेने करायचं काम आहे आणि ते मागण्याचा हक्क आपण अजून बजावलेला नाही.

आमच्या बडोद्यात आकड्यांशी झटापट करणारे लोक भरपूर. विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातली मुलं आहेत, एम.डी.चे प्रबंध लिहिणारे डॉक्टर आहेत, औषध कंपन्यांमध्ये क्लिनिकल ट्रायलचा डेटा पाहणारे आहेत. त्यांतले काही संध्याकाळी लॅपटॉप घेऊन दांडिया बाजारात माझ्याकडे येतात. अशीच एक ओळखीतली मुलगी आली होती. तिने २०१८मध्ये वस्तीतल्या घरांच्या यादीतून पाहणीसाठी काही घरं चिठ्ठ्या टाकाव्या तशी संगणकाकडून निवडली होती. सीडचा आकडा, म्हणजे यादृच्छिक निवड जिथून सुरू होते आणि जो तोच दिला की तीच निवड पुन्हा यायला हवी तो आकडा, वहीत लिहून ठेवला होता, कोडही जपला होता. पुढे समितीने निवड कशी केली ते दाखवायला सांगितलं. तिने तोच कोड नव्या लॅपटॉपवर चालवला आणि घरांची भलतीच यादी आली. 'काका, सीड तोच टाकलाय, मग घरं वेगळी कशी?' समितीपुढे हाच प्रश्न वेगळ्या सुरात आला असता, आणि त्यात संशयाची छटा असती.

मुलीने काहीही चुकीचं केलं नव्हतं. एप्रिल २०१९मध्ये आरची ३.६.० ही आवृत्ती आली आणि तिच्यात सॅम्पल या फंक्शनची निवडण्याची रीतच बदलली. कुणालाही घरी पडताळून पाहता येईल. सीड १२३ द्या आणि १ ते १० या आकड्यांची सरमिसळ मागा. जुनं आर देतं ३, ८, ४, ७, ६, १, १०, ९, २, ५. नवं आर देतं ३, १०, २, ८, ६, ९, १, ७, ५, ४. पहिला आकडा दोन्हीकडे ३ च येतो, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. दुसऱ्यापासून वाटा फुटतात.

बदल का केला? पूर्वी ० ते १ मधला एक यादृच्छिक अपूर्णांक घेऊन त्याला यादीच्या लांबीने गुणायचे आणि पूर्णांक करायचे. यादी फार मोठी असली की या रीतीत काही क्रमांकांना किंचित झुकतं माप मिळतं. केली ऑटोबोनी आणि फिलिप स्टार्क यांनी २०१८मध्ये ते नीट मांडलं आणि आरच्या मंडळींनी रीत सुधारली. सुधारणा योग्यच होती. जुनी रीत हवी असेल तर एका ओळीत परतही मागवता येते. आर तेव्हा इशारा देतं की ही रीत समान संधीची नाही. पण हे माहीत हवं ना! ज्याला माहीत नाही, त्याच्या हातात दोन याद्या आणि एक अपराधी भाव उरतो.

दुसरा बदल याहून खोडकर. एप्रिल २०२०मध्ये आर ४.० आलं. तोवर सीएसव्ही फाइल वाचली की शब्दांचा स्तंभ आपोआप 'फॅक्टर' व्हायचा, म्हणजे आत १, २, ३ असे क्रमांक आणि वर नावांच्या चिठ्ठ्या. ४.०पासून शब्द शब्दच राहतात. आता फतेहगंज, मांडवी, रावपुरा अशी विभागांची नावं असलेला स्तंभ घ्या. बऱ्याच जुन्या कोडमध्ये अशा स्तंभाला सरळ आकड्यात बदलायची ओळ असते. जुन्या आरमध्ये इंग्रजी वर्णानुक्रमाने १, २, ३ मिळायचे. नव्यात तिन्ही ठिकाणी रिकामी जागा येते आणि लाल अक्षरांत एक सूचना. हा झाला सुदैवी प्रकार, कारण मोडलेलं निदान दिसतं तरी. दुर्दैवी प्रकारात कोड शेवटपर्यंत विनातक्रार चालतो आणि उत्तर निराळं येतं. पायथन या भाषेच्या सायकिट-लर्न पॅकेजमध्ये रँडम फॉरेस्ट ही अनेक निर्णयवृक्षांच्या कौलावरून अंदाज बांधणारी रीत आहे. आपण सांगितली नाही तर तिथे झाडांची जी संख्या धरली जाते, ती डिसेंबर २०१९च्या ०.२२ आवृत्तीपासून १० वरून १०० झाली. ज्याने संख्या स्वतः लिहिली नव्हती, त्याचं मॉडेल त्याच्या नकळत दुसरंच झालं. प्रबंधात मात्र अजून 'रँडम फॉरेस्ट वापरले' एवढंच.

हे किती सर्रास घडतं, याचा अंदाज २०२२मध्ये 'सायंटिफिक डेटा' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासावरून येतो. हार्वर्ड डेटाव्हर्स या संशोधनाच्या डेटाच्या खुल्या भांडारात संशोधकांनी ठेवलेल्या नऊ हजारांहून अधिक आर फाइली त्या अभ्यासात चालवून पाहिल्या. ७४ टक्के फाइली शेवटपर्यंत पोचल्याच नाहीत. थोडी साफसफाई केल्यावरही ५६ टक्के अडल्या. कोड लपवणाऱ्यांची ही गत नव्हे बरं का, उघड ठेवणाऱ्यांची आहे. आपल्याकडे तर कोड ठेवायचीच पद्धत नाही.

'मग जुनं पॅकेज उतरवून घ्यावं, त्यात काय?' असं म्हणणाऱ्याने एकदा ते करून पाहावं. आरची पॅकेजं क्रॅन या भांडारातून येतात. इन्स्टॉल म्हटलं की क्रॅन ताजी आवृत्तीच देतं. जुन्या आवृत्त्या फेकलेल्या नसतात, 'आर्काइव्ह' नावाच्या कप्प्यात असतात, पण तिथे फक्त सोर्स, म्हणजे न बांधलेला मूळ कोड असतो. विंडोजवर तो बांधायला बहुधा आरटूल्स हे साधन लागतं, तेही तुमच्या आरच्या आवृत्तीशी जुळणारं. कॉलेजच्या लॅबमध्ये ॲडमिन पासवर्ड नसतो, म्हणजे गाडी तिथेच अडली. समजा घरच्या लॅपटॉपवर जमलं. रिमोट्स पॅकेजमधल्या आज्ञेने हवी ती जुनी आवृत्ती मागितली, आलीही. पण ते पॅकेज ज्या दहा-बारा पॅकेजांच्या खांद्यावर उभं असतं, ती सगळी येतात आजची! डेटा हाताळायचं डीप्लायर हे पॅकेज २०१८चं आणि त्याच्या खाली आजचे आधार. मग अशा त्रुटी येतात की मुलं रात्रभर शोधत बसतात आणि सकाळी कंटाळून सगळंच अद्ययावत करून टाकतात. खरी गोम इथे आहे. एकट्या पॅकेजची जुनी आवृत्ती असून उपयोग नाही, त्या दिवशीचा अख्खा गोतावळा लागतो.

हा गोतावळा टिपून ठेवायची साधनं आहेत आणि फुकट आहेत. आरएन्व्ह हे त्यातलं सध्याचं सगळ्यात सोयीचं. एक आज्ञा दिली की प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये एक लॉक फाइल तयार होते. नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते: आर अमुक आवृत्तीचं, भांडार अमुक, मग ओळीने पॅकेजं आणि त्यांच्या आवृत्त्या. दुसऱ्याने ती फाइल घेऊन 'रिस्टोअर' म्हटलं की तोच संच बांधायला सुरुवात होते. 'सुरुवात होते' हे मुद्दाम म्हटलं. आरएन्व्ह आरची आवृत्ती नोंदवतं, पण आर स्वतः बसवून देत नाही. ते तुम्हाला शोधून आणावं लागतं. शिवाय जुना सोर्स बांधताना हॉस्टेलच्या वायफायवर तास दोन तास सहज जातात. दुसरी रीत तारखेची. पॉझिट कंपनीच्या पॅकेज मॅनेजरवर २०१७च्या ऑक्टोबरपासूनच्या तारखांची क्रॅनची रूपं ठेवली आहेत. भांडाराच्या पत्त्यात तारीख घातली की त्या दिवशीची पॅकेजं मिळतात. एम.ए., एम.एस्सी.च्या मुलांना मी हीच रीत सांगतो. अख्खी प्रणालीच डबाबंद करून ठेवणाऱ्या डॉकरचं नाव काढलं की मुलं घाबरतात, आणि आठ जीबीच्या लॅपटॉपवर घाबरणं रास्तही आहे.

पण साधनं ज्या पायावर उभी आहेत, तो पाय कुणाचा? एमरॅनची गोष्ट इथे सांगायला हवी. रेव्होल्यूशन ॲनालिटिक्सने २०१४च्या सप्टेंबरपासून क्रॅनची रोजच्या रोज प्रत ठेवायला घेतली, तेच एमरॅन. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी घेतली, सेवा चालू राहिली. जगभरच्या लोकांनी आपल्या कोडमध्ये एक तारीख लिहिली आणि निश्चिंत झाले. १ जुलै २०२३ला मायक्रोसॉफ्टने एमरॅन बंद केलं. सूचना काही महिने आधी दिली होती, नियमाने सगळं झालं, कुणाला फसवलं असं म्हणता येणार नाही. फुकटची सेवा होती, परवडेनाशी किंवा नकोशी झाली, बंद केली. पण ज्या प्रबंधात 'एमरॅनच्या अमुक तारखेची प्रत वापरली' असं प्रामाणिकपणे लिहिलं होतं, त्याची तळटीप त्या दिवसापासून कुठेच नेत नाही. पॉझिटचं भांडार उद्या बंद होईल असं मी म्हणत नाही. बंद होऊ नये यासाठी आपल्या हातात काहीच नाही, एवढंच म्हणतो.

कंपनीचं सोडा, माणसांचंही तेच. नकाशे आणि भौगोलिक माहितीसाठी आरमध्ये वर्षानुवर्षं आरजीडीएएल, आरजीईओएस आणि मॅपटूल्स ही पॅकेजं वापरली जायची. ती सांभाळणारे नॉर्वेतले प्राध्यापक रॉजर बिवँड निवृत्त झाले आणि ऑक्टोबर २०२३मध्ये तिन्ही पॅकेजं क्रॅनच्या चालू यादीतून गेली. त्यांनी खूप आधी कळवलं होतं, पर्यायही तयार होते. पण आता बडोद्यापुरता विचार करा. विश्वामित्रीला २०१९मध्ये पूर आला आणि २०२४च्या ऑगस्टमध्ये पुन्हा आला. समजा कुणी २०१९च्या पुरानंतर पाणी कुठवर चढलं याचं विश्लेषण आरजीडीएएलवर केलं होतं. २०२४नंतर तेच पुन्हा चालवून पाच वर्षांत काय बदललं हे पाहायला गेलं तर पहिल्याच ओळीला अडणार. मग कोड नव्याने लिहायचा आणि नकाशांतला फरक नदीचा की कोडचा, यावर वाद घालत बसायचं. नदीकाठचं बांधकाम, नाल्यांची रुंदी असे निर्णय ज्या आकड्यांवर घ्यायचे, त्यांच्याबाबत हा वाद परवडत नाही.

जुन्या आवृत्त्या जपण्याविरुद्ध एक आक्षेप मला मनापासून वजनदार वाटतो. जुनं पॅकेज म्हणजे जुन्या चुका. उत्तर तेच आलं म्हणून बरोबर ठरत नाही; तीच चूक पुन्हा बिनबोभाट करता आली, एवढंच सिद्ध होतं. खरं आहे. म्हणूनच मी म्हणतो की चालू काम नव्या आवृत्तीवर न्यावं आणि संपलेलं काम होतं तसं गोठवावं. शिवाय नवी-जुनी दोन्ही उत्तरं शेजारी ठेवता आली तर मोठा फायदा असतो. मिश्र परिणामांची मॉडेलं बसवणाऱ्या एलएमई४ पॅकेजची १.० आवृत्ती २०१३मध्ये आली तेव्हा आतलं गणित बरंच बदललं होतं. काही मॉडेलांची उत्तरं हलणार हे ओळखून त्याच मंडळींनी जुनं रूप 'एलएमई४.०' या वेगळ्या नावाने उपलब्ध ठेवलं. आवृत्ती बदलल्यावर ज्याचा निष्कर्ष उलटतो, त्याचा निष्कर्ष मुळातच लेचापेचा होता, हे वाचकाला कळायला नको? संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी बंगालमधल्या तागाच्या पाहणीत एकाच भागात दोन स्वतंत्र नमुने घेतले ते याच कारणासाठी. दोन उत्तरांतलं अंतर हीच माहिती. पण अंतर मोजायला जुनं उत्तर पुन्हा काढता यायला हवं.

या बाबतीत बडोद्याने खरं तर जगाला शिकवावं. आमच्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती काढली, १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत. देशभरातून हस्तलिखितं गोळा केली, प्रत्येकाला संकेताक्षर दिलं आणि संपादकांनी वर जो पाठ छापला त्याच्या खाली कोणत्या पोथीत काय वेगळं आहे ते श्लोकागणिक नोंदवलं. संपादकाचा निर्णय पटला नाही तर वाचकाला तळटिपांवरून वेगळा निर्णय घेता येतो. पोथीचा उल्लेख न करता 'रामायण पाहिले' असं लिहिणाऱ्याला त्या इमारतीत कुणी उभं केलं नसतं. त्याच विद्येच्या गावात आपण 'आर वापरले' हे वाक्य मुकाट्याने स्वीकारतो.

औषध कंपन्यांत मात्र हे चालत नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१५मध्येच स्पष्ट केलं की सॉफ्टवेअर कोणतंही वापरा, पण आवृत्ती आणि बिल्ड यांसकट त्याची नोंद अर्जात स्पष्ट हवी. नोव्हेंबर २०२१मध्ये आर कन्सॉर्शियम या आरला पाठबळ देणाऱ्या संघटनेने आरवर बेतलेला नमुन्यादाखल अर्ज एफडीएकडे पाठवला तेव्हा पॅकेजांच्या आवृत्त्याही त्यात नोंदवल्या होत्या. म्हणजे बडोद्याच्या मकरपुऱ्यात किंवा पादरा रस्त्यावर औषध कंपनीत नोकरीला लागलेला मुलगा पहिल्याच महिन्यात जी शिस्त शिकतो, ती त्याला विद्यापीठात कुणी शिकवलेली नसते. गोळीच्या मागे परवाना जाण्याची भीती असते, प्रबंधाच्या मागे कसलीच नाही. पण समाजशास्त्राच्या, सार्वजनिक आरोग्याच्या प्रबंधांवर उद्या कुणाची तरी योजना उभी राहते, कुणाचा तरी निधी कापला जातो.

'पोरांवर आणखी एक फॉर्म कशाला?' असं काही प्राध्यापक म्हणतात, आणि फॉर्मांना विटलेला मीही आहे. पण लॉक फाइल हा फॉर्म नाही. ती कुणी भरायची नसते, यंत्र भरतं. रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेचा मुद्दाही इथे लागू नाही. डेटा द्यायला नको असेल तर देऊ नका, पॅकेजांच्या यादीत कुणाचं नाव-गाव नसतं. आणि हॉस्टेलच्या वायफायचं म्हणाल, तर जुना संच पुन्हा बांधायचा त्रास तपासणाऱ्याला असतो, विद्यार्थ्याला नाही. विद्यार्थ्याचं काम एका आज्ञेचं.

तपासणाऱ्याला मात्र जुनी पॅकेजं कुठून तरी मिळायला हवीत, आणि इथेच सरकारची गरज लागते. शोधगंगा चालवणारं इन्फ्लिबनेट गांधीनगरला आहे, आमच्यापासून गाडीने दोन-अडीच तासांवर. देशभरच्या विद्यापीठांचे लाखो प्रबंध सांभाळायची यंत्रणा, सर्व्हर, माणसं तिथे आहेत. क्रॅनची एक पूर्ण प्रत बाजारात मिळणाऱ्या एका हार्ड डिस्कवर मावते. दर तिमाहीला एक प्रत घेऊन ठेवली आणि पायथनच्या मुख्य पॅकेजांचंही तसंच केलं, तर पैशाचा प्रश्न मुळीच मोठा नाही. प्रश्न आहे तो कुणाच्या तरी टेबलावर हे काम 'आपलं' म्हणून असण्याचा. खासगी सेवा चालू आहेत तोवर हे अनावश्यक वाटेल. एमरॅनवर विसंबलेल्यांनाही ते बंद होण्याची सूचना येईपर्यंत तसंच वाटत होतं.

साठ्याआधी नियम मात्र आजही करता येईल, त्याला पैसा लागत नाही. आयोगाने पीएच.डी.ची नियमावली २००९, २०१६ आणि २०२२ अशी वेळोवेळी नव्याने काढली आहे. पुढच्या वेळी तिच्यात एवढं एक कलम घालावं: 'प्रबंधात संख्याशास्त्रीय विश्लेषण असल्यास वापरलेला कोड, भाषेची आवृत्ती आणि सर्व पॅकेजांची आवृत्त्यांसह यादी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये प्रबंधासोबत जमा करावी, ती प्रबंधासोबतच शोधगंगेवर ठेवली जाईल.' आयोगाची वाट पाहायची नसेल तर विद्यापीठाच्या पातळीवरही हे करता येतं, आणि तेही नको असेल तर तोंडी परीक्षेला बसलेल्या परीक्षकाने 'तक्ता ४.३ माझ्यासमोर काढून दाखवा' एवढं म्हटलं तरी पुढच्या वर्षीची मुलं आपोआप तयारीने येतील. एसपीएसएस हे मेनूवर चालणारं संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर वापरणारे म्हणतील की आमच्याकडे कोडच नसतो, आम्ही मेनूवर क्लिक करतो. प्रत्येक चौकटीत 'ओके'च्या शेजारी 'पेस्ट'चं बटण असतं. ते दाबलं की सिन्टॅक्स फाइल, म्हणजे त्या क्लिकांचा लेखी कोड, तयार होते. तीच जोडावी, आणि वर आवृत्तीचा आकडा लिहावा, मित्राच्या प्रबंधातून उतरवलेला नव्हे, स्वतःच्या संगणकावरचा.